विश्लेषण : घरातल्या कॅमेऱ्याचा ‘मालक’ नेमका कोण? स्मार्ट उपकरणे सुरक्षित ठेवण्यासाठी काय कराल?

गेल्या दिवाळीत नाशिकला घरी गेले होते. आईच्या मोबाइलवर हॉलमधल्या कॅमेऱ्याचे ॲप अपडेट मागत अडून बसले होते. ते मार्गी लावताना सहज सेटिंग्ज उघडली आणि ‘डिव्हाइस ओनर’ या ओळीवर नजर थांबली. तिथे आईचा नंबर नव्हता, बाबांचाही नव्हता. कॅमेरा बसवून गेलेल्या दुकानदाराचा ईमेल होता. आई त्या यादीत खाली होती, ‘शेअर्ड मेंबर’ म्हणून. आजी दुपारी त्याच हॉलमधल्या दिवाणावर पडते. तिची काळजी म्हणून लावलेल्या कॅमेऱ्याचा पहिला हक्क दोन वर्षे एका परक्या माणसाच्या फोनकडे होता.

दुकानदाराला फोन लावला. त्याला यात काही वावगे वाटले नाही. ‘‘ताई, मी सगळ्यांचं असंच करतो. लोक पासवर्ड विसरतात आणि मग मलाच फोन करतात,’’ तो म्हणाला. तो खोटे बोलत नसावा. त्याने कधी डोकावूनही पाहिले नसेल. पण उद्या त्याचा फोन चोरीला गेला, दुकानातला पोरगा काम सोडून गेला किंवा त्याचा पासवर्ड फुटला, तर त्या एका खात्यातून त्याने कॅमेरे बसवलेली सगळी घरे उघडी पडतील. स्मार्ट उपकरणांची सुरक्षा म्हटले की डोळ्यांसमोर अंधाऱ्या खोलीतला हॅकर येतो. प्रत्यक्षात पहिला प्रश्न साधा आहे : उपकरण तुमच्या घरात असले तरी ते कोणाच्या नावाने चालू आहे?

‘मालक’ खाते म्हणजे काय?

वाय-फायवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्र थेट तुमच्या फोनवर येते असे वाटते. बहुतेक वेळा ते कॅमेऱ्यातून राऊटरकडे, तिथून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि मग तुमच्या ॲपमध्ये येते. कोणता कॅमेरा कोणाला दाखवायचा, हे सर्व्हर खात्यावरून ठरवतो. पहिल्यांदा क्यूआर कोड स्कॅन करून ज्या खात्याला कॅमेरा जोडला गेला, ते खाते मालक. बाकी सगळे पाहुणे. मालक पाहुण्याला काढू शकतो, पाहुणा मालकाला नाही. जुने रेकॉर्डिंग पुसणे, नवा माणूस जोडणे, आवाज चालू-बंद करणे हे अधिकारही साधारणपणे मालकाकडेच असतात.

हाच नियम स्मार्ट कुलूप, व्हिडीओ डोअरबेल, स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच आणि रोबो व्हॅक्युम क्लीनरलाही लागू पडतो. म्हणून बसवणाऱ्या माणसाने ‘तुमचा फोन राहू द्या, मी माझ्यावरून करून देतो’ म्हटले की थांबवा. ईमेल तुमचा, ओटीपी तुमच्या फोनवर आणि पासवर्ड तुम्हीच टाइप करायचा. त्याने मदत जरूर करावी, पण खाते उघडू नये.

घरात आधीच लावलेले उपकरण दुसऱ्याच्या नावावर निघाले तर? नुसते रीसेटचे बटण दाबणे काही कंपन्यांच्या उपकरणांत पुरत नाही. जुन्या मालकाने आपल्या ॲपमधून ते ‘रिमूव्ह’ करावे लागते, मगच ते नव्या खात्याला जोडता येते. आमच्याकडेही तेच करावे लागले. दुकानदाराला फोनवर धरून त्याच्याकडून कॅमेरा काढून घेतला आणि आईच्या नावावर नव्याने जोडला. एकूण दहा मिनिटांचे काम होते.

कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवला तर काय बिघडते?

डीव्हीआर, राऊटर, कॅमेरा अशा अनेक उपकरणांना कारखान्यातून एक ठरावीक नाव आणि पासवर्ड येतो. ‘ॲडमिन’ आणि ‘ॲडमिन’, किंवा ‘१२३४५’. एका मॉडेलच्या हजारो नगांवर तो सारखाच असू शकतो आणि इंटरनेटवर शोधला की सापडतो.

याचा अर्थ काय होतो, हे जगाने २०१६ मध्ये पाहिले. ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये अशा नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. तो इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधत फिरे, एकेक जोडी लावून पाही आणि दार उघडले की उपकरण ताब्यात घेई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना काही कळण्याचे कारणच नव्हते, कारण कॅमेरे नेहमीसारखे चालूच होते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आणि अधिक बोचरे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रीकरण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकले जात असल्याचे उघड झाले. अहमदाबाद सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत महाराष्ट्रातल्या आरोपींचाही समावेश होता. कमकुवत किंवा मूळचेच ठेवलेले पासवर्ड वापरून कॅमेऱ्यांत शिरकाव झाल्याचे तपासात पुढे आले. त्या महिलांची यात काहीच चूक नव्हती. कॅमेरा लावणाऱ्याने पासवर्ड बदलला नाही आणि किंमत त्यांनी मोजली. घरातही असेच होते. उपकरण एक जण लावतो आणि त्याच्यासमोर सगळे वावरतात.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट एकच, सहज ओळखता येणारे पासवर्ड देऊन ग्राहकोपयोगी स्मार्ट उपकरणे विकण्यावर बंदी घातली. भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीची अट एप्रिल २०२५ पासून लागू झाली आहे. केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी संचालनालयाच्या चौकटीत ही तपासणी होते. नवा कॅमेरा घेताना दुकानात ‘याला एसटीक्यूसी आहे का?’ असे विचारायला हरकत नाही. पण भिंतीवर आधीपासून लटकलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणताही नियम येऊन बदलून देणार नाही.

पासवर्ड बदलला, आता धोका संपला का?

नाही. एकच पासवर्ड पाच ठिकाणी वापरण्याची सवय इथे महागात पडते. कुठल्याशा खरेदीच्या साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटला की तीच जोडी कॅमेऱ्याच्या ॲपवर लावून पाहिली जाते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून एक अनोळखी पुरुष तिच्याशी बोलू लागला. आईने मुलींवर लक्ष राहावे म्हणून तो कॅमेरा काहीच दिवसांपूर्वी लावला होता. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेले नव्हते.

टू-स्टेप म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड. बँकेच्या व्यवहाराला आपण ओटीपी टाकतोच. बेडरूमच्या कॅमेऱ्याला तो नको, असे म्हणण्यात अर्थ नाही. ॲपच्या ‘अकाउंट’ किंवा ‘सिक्युरिटी’ विभागात तो पर्याय असतो. मात्र कॅमेरावाला, बँकवाला किंवा कुणीही फोनवर तो कोड मागितला तर सांगायचा नाही. हा नियम घरातल्या ज्येष्ठांना नीट समजावून सांगा.

कंपनीकडूनच गडबड झाली तर?

तीही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वायझ’ या अमेरिकी कंपनीच्या सेवेत बिघाड होऊन सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली छोटी चित्रे दिसली. ॲमेझॉनच्या मालकीच्या ‘रिंग’ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांचे हजारो व्हिडीओ पाहिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२३ मध्ये कंपनीने ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. डिसेंबर २०२२ मध्ये रोबो व्हॅक्युम क्लीनरने टिपलेली घरातली छायाचित्रे समाजमाध्यमांवर गेल्याचे समोर आले. त्यात शौचालयात बसलेल्या एका महिलेचे छायाचित्रही होते. ही यंत्रे चाचणीसाठी दिलेली खास यंत्रे होती, असे उत्पादक आयरोबॉट कंपनीने स्पष्ट केले. चित्रे ओळखायला यंत्राला शिकवण्यासाठी ती कंत्राटी कामगारांकडे गेली होती आणि तिथून फुटली.

या तिन्ही प्रकरणांत ग्राहकाचा पासवर्ड कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता. म्हणून सगळ्यात पक्का उपाय तांत्रिक नाही. बेडरूम, बाथरूमकडे जाणारा पॅसेज आणि कपडे बदलण्याची जागा इथे कॅमेरा लावायचाच नाही. कॅमेऱ्याचे तोंड दाराकडे असावे, माणसांकडे नको. घरात सगळे असताना तो बंद राहील अशी वेळ लावता येते. तेही जमत नसेल तर स्मार्ट प्लगची गरज नाही, भिंतीवरचे साधे बटण पुरते.

टीव्ही आणि स्पीकरही ऐकतात-पाहतात का?

स्मार्ट टीव्हीमध्ये पडद्यावर काय चालू आहे हे ओळखणारी सोय असू शकते. जाहिरातदारांना त्या माहितीत रस असतो. अमेरिकेत ‘व्हिझिओ’ कंपनीने १.१ कोटी टीव्हींवरून ग्राहकांना न सांगता अशी माहिती गोळा केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटले. तुमच्या टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘टर्म्स’ विभाग उघडा. ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’, ‘पर्सनलाइज्ड ॲड्स’ अशा नावांच्या खुणा काढून टाका. मालिका आणि क्रिकेट त्यामुळे बंद पडत नाही.

बोलून चालणारा स्पीकर ठरलेला शब्द ऐकल्यावर पुढचे बोलणे सर्व्हरकडे पाठवतो. कधी कधी तो शब्द चुकीचाही ऐकतो. मुलांच्या आवाजाची माहिती पालकांनी पुसायला सांगूनही ठेवल्याबद्दल ‘अलेक्सा’ प्रकरणात ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत २.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. ॲपमध्ये रेकॉर्डिंगची यादी दिसते. ती एकदा ऐकून पाहा आणि आपोआप पुसली जाण्याचा पर्याय निवडा. घरात पैशांचे किंवा तब्येतीचे बोलणे चालू असेल तेव्हा स्पीकरवरचे माइक बंद करण्याचे बटण दाबा.

स्वस्तातल्या, नाव-गाव नसलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सबद्दल अधिक सावध राहा. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही बॉक्समध्ये घातक प्रोग्रॅम आधीच भरलेले असतात. ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला होता. असा बॉक्स तुमचे इंटरनेट कनेक्शन परक्यांच्या कामाला जुंपू शकतो. मग त्या कनेक्शनवरून गुन्हा झाला तर पहिला माग तुमच्या दारापर्यंत येतो.

सुरुवात कुठून करायची?

रविवारची सकाळ ठेवा. राऊटरपासून सुरुवात करा, कारण घरातले प्रत्येक उपकरण त्याच्याच दारातून बाहेर जाते. त्याचे दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांना सांगतो तो. दुसरा राऊटरच्या सेटिंग्ज उघडण्याचा, जो बहुतेक घरांत कुणी कधी बदललेलाच नसतो. दोन्ही बदला. फायबर कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या ॲपमधून किंवा राऊटरखालच्या लेबलवरच्या पत्त्यावरून ही सेटिंग्ज उघडतात. टाचणीने दाबायचे रीसेटचे भोक मात्र उगाच दाबू नका. त्याने कनेक्शनची जुळणीच पुसली जाऊन इंटरनेट बंद पडू शकते.

सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ असल्याची खात्री करा. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये जुन्या डीव्हीआरसाठी कुणी बाहेरून थेट रस्ता उघडून ठेवला असेल तर तो बंद करा. ‘यूपीएनपी’ चालू असेल तर उपकरणे असा रस्ता स्वतःच उघडू शकतात. गरज नसेल तर तेही बंद करा.

त्यानंतर ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा आणि कॅमेरे, प्लग, बल्ब, टीव्ही त्यावर टाका. मोबाइल आणि लॅपटॉप मुख्य वाय-फायवर ठेवा. म्हणजे एखादा दहा रुपयांच्या सुरक्षेचा बल्ब फुटला, तरी तिथून बँकेचे काम होणाऱ्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणे अवघड होते. स्वस्त प्लग आणि कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ते जोडले जात नसतील तर गेस्ट नेटवर्क त्या बँडवर आहे का, ते आधी पाहा.

वाय-फाय बदलले की सगळी उपकरणे बाहेर पडतात आणि पुन्हा एकेक जोडावी लागतात. हा त्रास उपयोगाचा ठरतो, कारण घरात नेमके काय काय जोडलेले आहे याची यादी त्यातूनच तयार होते. प्रत्येक उपकरण जोडताना चार गोष्टी पाहा : मालक कोण, शेअर कोणाशी, टू-स्टेप चालू आहे का आणि अपडेट बाकी आहे का. कंपनीने अपडेट देणे बंद केलेला जुना कॅमेरा असेल तर त्याला निवृत्त करा.

स्मार्ट कुलपाची यादी वेगळी तपासा. काम सोडून गेलेल्या ताईंचा कोड, मागच्या भाडेकरूचे बोट, रंगकाम करणाऱ्यांना दिलेला तात्पुरता नंबर असे बरेच काही त्यात राहून गेलेले असते. भाड्याच्या घरात राहायला जाताना मालकाच्या नावावर चालू असलेले कॅमेरे, डोअरबेल आणि कुलूप आपल्या नावावर करून घ्या किंवा बंद करा. जाताना आपले खाते काढून घ्या. उपकरण विकतानाही आधी खात्यातून काढा, मग रीसेट करा आणि मेमरी कार्ड स्वतःकडे ठेवा.

घरातल्या घरात खासगीपणाचे काय?

हा प्रश्न हॅकरपेक्षा अवघड आहे. आमच्याकडे कॅमेरा आजीला विचारून लावला नव्हता. ‘तुझ्यासाठीच आहे’ एवढेच सांगितले होते. मुंबईतला मुलगा, पुण्यातली सून आणि अमेरिकेतला भाचा अशा तिघांच्या फोनवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची दुपार दिसत असते आणि तिला त्याची कल्पनाही नसते. घरकामाला येणाऱ्या ताई, मुलांना सांभाळणाऱ्या मावशी यांनाही कॅमेरा कुठे आहे, आवाज टिपला जातो का, हे स्पष्ट सांगायला हवे.

एकाच घरात राहणाऱ्या कोलकात्यातील भावांच्या वादात, राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय लावलेले कॅमेरे त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करतात, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितले आहे. तो हक्क घराच्या उंबऱ्यावर संपत नाही.

कायदा कुठे उपयोगी पडतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. कंपन्यांवर तो जबाबदारी टाकतो. मात्र एखाद्या व्यक्तीने केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर त्यातून वगळलेला आहे. कुणाच्या खासगी अंगाचे संमतीविना चित्रीकरण करणे किंवा ते पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महिलांच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ ही लागू होते.

कॅमेरा आपोआप फिरतो, त्यातून अनोळखी आवाज येतो, किंवा ॲपच्या लॉग-इन यादीत माहीत नसलेला फोन दिसतो, असे झाले तर आधी उपकरणाचा प्लग काढा. यादीचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांतून लॉग आउट’ करा. पुरावा पुसला जाईल म्हणून घाईने रीसेट करू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, १९३० या क्रमांकावर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. उपकरण बाधित झाल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक आणि मोबाइलसाठी मोफत साधने मिळतात.

आमच्या घरी कॅमेरा आता आईच्या नावावर आहे आणि पासवर्ड तिने स्वतः ठेवला आहे. तो तिने देवघरातल्या वहीत लिहून ठेवला. इंजिनीअरिंगच्या पुस्तकाला हे पटणार नाही, पण ती वही परगावच्या हॅकरच्या हाती लागणे कठीण आहे. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘दाराकडे राहू दे, माझ्याकडे नको.’’ कॅमेरा दाराकडे वळवला. दिवाण आता त्यात दिसत नाही.